‘माझ्याच्याने काय होणार?’ म्हणणारा जॉर्ज

शेतकऱ्याच्या घरात नुकसानीचा हिशोब नेहमीच होतो. पाऊस किती दिवस लांबला, बियाणे किती वाया गेले, बैल ऐन पेरणीत आजारी पडला, बाजारात भाव पडला, हे सगळे आपण बोटांवर मोजतो. पण एका नुकसानीचा हिशोब कोणी मांडीत नाही. घरातला कर्ता पुरुष, शाळेत मागे पडलेले पोरगे, किंवा नव्याने सासरी आलेली सून मनातल्या मनात म्हणते, “माझ्याच्याने काय होणार?” हे वाक्य कोणाला ऐकू जात नाही. पण ते एकदा मनात घर करून बसले, की चांगली जमीनसुद्धा पडीक राहते आणि धडधाकट माणूस बाजेवर पडून राहतो.

असा एक माणूस अमेरिकेत होऊन गेला. हे वाक्य मनाशी म्हणायला त्याच्याजवळ कारणे काही थोडीथोडकी नव्हती. जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर हे त्याचे नाव. आपल्याकडे हे नाव नवे नाही. १९८१ साली वीणा गवाणकर यांचे ‘एक होता कार्व्हर’ हे पुस्तक निघाले आणि महाराष्ट्रातल्या कितीतरी घरांत तो जाऊन पोहोचला. भुईमुगाचा शास्त्रज्ञ म्हणून तो पुष्कळांना ठाऊक आहे. आज त्याच्या शेंगदाण्यापेक्षा त्याच्या मनाकडे थोडे पाहू या. कारण शेंगदाणा फार पुढचा. त्याआधी या माणसाला स्वतःशीच मोठा झगडा करावा लागला, आणि त्या झगड्यात त्याने ख्रिस्तावरच्या विश्वासाचा हात धरला होता. हे त्याने स्वतःच वेळोवेळी लिहून ठेवले आहे.

मिसूरी राज्यात डायमंड नावाच्या लहानशा वस्तीजवळ मोझेस आणि सुझन कार्व्हर या गोऱ्या नवराबायकोची शेती होती. त्यांच्याकडे मेरी नावाची गुलाम बाई होती. तिच्या पोटी १८६४ च्या आसपास जॉर्ज जन्मला. नेमके वर्ष त्यालाही कधी कळले नाही. गुलामाच्या पोराची जन्मतारीख कोण लिहून ठेवणार? तिकडे यादवी युद्ध चालू होते. एका रात्री लुटारू आले आणि तान्ह्या जॉर्जसकट मेरीला पळवून घेऊन गेले. मोझेसने माणूस पाठवून शोध घेतला. मूल तेवढे परत मिळाले. ते आणून देणाऱ्याला मोबदला म्हणून एक घोडा दिला असे सांगतात. आई मात्र पुन्हा कधीच सापडली नाही.

परत आलेले मूल डांग्या खोकल्याने अर्धमेले झाले होते. ते जगले, पण अंगाने किरकोळ राहिले. आवाज कायमचा बारीक आणि चिरका झाला. मोठेपणीसुद्धा लोक त्याचे बोलणे पहिल्यांदा ऐकून दचकत. थोरला भाऊ जिम दांडगा. तो मोझेसबरोबर शेतात राबे. जॉर्जला नांगर झेपेना, म्हणून सुझनबाईने त्याला घरात घेतले आणि स्वयंपाक, धुणे, शिवण, विणकाम असे सगळे शिकवले. शेतकऱ्याच्या घरात ज्या मुलाला शेतातले काम जमत नाही त्याच्याकडे लोक कसे पाहतात, हे आपल्याला सांगायला नको. रिकाम्या वेळी तो रानात जाऊन रोपे गोळा करी, सुकत चाललेली झाडे जगवी. आजूबाजूचे लोक त्याला झाडांचा डॉक्टर म्हणू लागले. पण आपल्यात काही चांगले आहे असे त्या वयात त्याला वाटत असेल, हे संभवत नाही.

तो दहाएक वर्षांचा असताना एका शनिवारी सकाळी शेजारचा त्याच्याच वयाचा एक गोरा मुलगा आला. “उद्या मी रविवारच्या शाळेत जाणार,” असे तो सहज म्हणाला. जॉर्जने विचारले, तिथे काय करतात? तो म्हणाला, गाणी म्हणतात, प्रार्थना करतात. प्रार्थना म्हणजे काय, हाही जॉर्जचा प्रश्न. त्या मुलाने त्याला जमेल तसे सांगितले आणि तो निघून गेला. जॉर्ज तेव्हा गोठ्यावरच्या माळ्यावर गिरणीत न्यायच्या मक्याचे दाणे काढीत असे. मुलगा जाताच तो माळ्यावर चढला, मक्याच्या पिंपाशेजारी गुडघे टेकले आणि जशी येईल तशी प्रार्थना केली. काय बोललो ते पुढे त्याला आठवेना. एवढेच आठवे, की फार बरे वाटले, म्हणून मग तो पुन्हा पुन्हा तिथे जात राहिला. १९३१ साली लिहिलेल्या एका पत्रात त्याने ही हकीगत सांगितली आहे. तिथे ना देऊळ होते, ना पाळक, ना पुस्तक. मक्याचे पिंप होते आणि एक पोरके पोर होते.

ज्याला या जगात कोणाचे म्हणता येत नाही, ज्याच्या बापाचा ठिकाणा नाही आणि आई चोरीला गेली, त्याला ‘आकाशातला बाप’ हे शब्द ऐकून काय वाटले असेल? आपल्याला जन्म देणारा, नावाने ओळखणारा कोणीतरी आहे, आणि आपण चुकून उगवलेले तण नाही, हा पहिला आधार त्याला तिथे मिळाला. पुढची सत्तर वर्षे तो त्या आधारावर उभा होता. मात्र याचा अर्थ त्या दिवसापासून त्याची भीती गेली असा नाही. ती पुष्कळदा परत आली.

डायमंडच्या शाळेत काळ्या मुलांना जागा नव्हती. म्हणून अकराबारा वर्षांचा जॉर्ज पायी चालत निओशो गावी गेला. तिथे मारायाबाई वॉटकिन्स नावाच्या सुईणीने त्याला आपल्या घरात घेतले. या बाई धुणी धुऊन, बाळंतपणे करून घर चालवीत. मुलाला कामाची शिस्त लावली, चर्चला नेऊ लागल्या आणि एक बायबल दिले. ते त्याने जन्मभर जपले असे सांगतात. शिकून मोठा झालास की ती विद्या आपल्या लोकांना परत दे, असे त्या त्याला बजावीत. स्वतः फारसे शिकायला न मिळालेल्या बाईने असे सांगावे यात मोठेपणा आहे.

पुढची दहाबारा वर्षे भटकंतीची. एका गावी स्वयंपाक कर, दुसऱ्या गावी धुणी धू, मध्ये जमेल तशी शाळा कर. १८७९ साली कॅन्सस राज्यातल्या फोर्ट स्कॉट गावी जमावाने एका काळ्या माणसाला तुरुंगातून ओढून काढून जाळले, ते या पोराने डोळ्यांनी पाहिले. त्याच रात्रीच्या सुमारास त्याने ते गाव सोडले. त्या दृश्याने म्हातारपणीही त्याची पाठ सोडली नव्हती.

एवढे सोसून शालेय शिक्षण पुरे झाले. हायलंड नावाच्या गावच्या कॉलेजला त्याने अर्ज पाठविला. टपालाने प्रवेश मंजूर झाल्याचे कळले. पोरगे आनंदाने जाऊन दारात उभे राहिले, तर तिथल्या मुख्यांनी त्याचा रंग पाहून सांगितले, आम्ही काळ्यांना घेत नाही. १८८५ च्या आसपासची ही गोष्ट.

आपल्या गावातले एखादे पोरगे जिल्ह्याच्या कॉलेजातून अपमान होऊन परत आले, तर ते काय करते ते आठवून पाहा. जॉर्जनेही तेच केले. तो मिटून गेला. कॅन्ससच्या उजाड माळरानावर त्याने सरकारी १६० एकराचा तुकडा घेतला, गवताळ मातीची ढेकळे रचून घर बांधले आणि हातानेच सतराएक एकर जमीन लागवडीखाली आणली. पाणी नाही, थंडीवाऱ्याला आडोसा नाही. तिथे तो दोनेक वर्षे राहिला. कॉलेजचा विचार त्याने सोडून दिला होता. मेहनतीला कमी नव्हता, पण दुसऱ्या दारावर थाप मारायची हिंमत संपली होती. हा फरक महत्त्वाचा आहे. खचलेला माणूस आळशीच असतो असे नाही. कित्येकदा तो ढोरासारखा राबतो, फक्त नव्या वाटेला जायला घाबरतो.

बायबल वाचणाऱ्यांना इथे गिदोनाची गोष्ट आठवेल. शास्ते या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायात ती आहे आणि ती खास शेतकऱ्याची गोष्ट आहे. पीक तयार झाले की मिद्यानी लोक टोळधाडीसारखे येत आणि सगळे लुटून नेत. म्हणून गिदोन बिचारा खळे सोडून द्राक्षकुंडात लपून गहू झोडत होता. देवाचा दूत त्याला शूर वीर म्हणून हाक मारतो! गिदोन म्हणतो, माझे कुळ सगळ्यांत दुबळे आणि घरात मी सगळ्यांत धाकटा, मी काय करणार? पुढे तो देवाकडे खुणा मागतो. लोकर पसरून ठेवतो, दव पडले का पाहतो, आणि पुन्हा एकदा उलटे करून पाहतो. देव त्याच्यावर रागावत नाही. शंका घेणाऱ्या माणसाला हाकलून न देता त्याच्याच चालीने त्याला पुढे नेणारा देव या गोष्टीत दिसतो. तो लपलेला होता ही गोष्ट देवाने त्याच्याविरुद्ध धरली नाही.

जॉर्जच्या बाबतीत दूत म्हणून आल्या त्या बहुधा साध्या बायका. आयोवा राज्यात विंटरसेट गावी तो हॉटेलात स्वयंपाक करीत असता चर्चमध्ये मिलहॉलंड नावाच्या एका कुटुंबाची ओळख झाली. मिलहॉलंडबाईंना गाण्याची आवड, याला गाण्याची आणि चित्रांचीही. त्यांनी त्याला घरी बोलावले आणि कॉलेजला जा म्हणून मागे लागल्या. तो नाही म्हणे, त्या पुन्हा सांगत. अखेर १८९० साली तो सिंप्सन कॉलेजात दाखल झाला. हे मेथडिस्ट पंथाचे कॉलेज. फी भरल्यावर खिशात दहा सेंट उरले. पाच सेंटचे मक्याचे पीठ आणि पाच सेंटची चरबी आणून त्यावर त्याने आठवडा काढला. मग मुलांचे कपडे धुऊन, इस्त्री करून पोट भरू लागला. त्याच्या झोपडीत खुर्ची नव्हती, बाज नव्हती. तो वर्गात गेला असताना सोबतच्या मुलांनी गुपचूप सामान आणून ठेवले. कोणी दिले ते कधी सांगितले नाही. आपण खरोखरीचा माणूस आहोत असे सिंप्सनच्या लोकांनी मला पटवून दिले, अशा अर्थाचे उद्गार त्याने पुढे काढले. तोवर पंचविशी उलटली होती.

पुष्कळदा आपण समजतो की विश्वास म्हणजे एकट्याने कोपऱ्यात बसून करायची गोष्ट. जॉर्जने माळ्यावर एकट्याने प्रार्थना केली हे खरे. पण त्या प्रार्थनेला उत्तर म्हणाल तर ते बहुतेक वेळा कोणाच्या तरी हाताने आले. सुझनबाई, मारायाबाई, मिलहॉलंडबाई. कॉलेजात चित्रकला शिकवणाऱ्या एटा बड. त्यांनीच त्याची झाडांची आवड ओळखून त्याला एम्सच्या शेती कॉलेजात धाडले, कारण तिथे त्यांचे वडील फळबागशास्त्राचे प्राध्यापक होते. चित्रे सोडायचे त्याच्या फार जिवावर आले. पण आपल्या लोकांना चित्रापेक्षा शेतीची विद्या अधिक उपयोगी पडेल, आणि देवाची इच्छा हीच असावी, असे त्याने मनाशी ठरवले.

१८९१ साली एम्सला पोहोचला त्या दिवशी त्याला शिव्या ऐकाव्या लागल्या. विद्यार्थ्यांच्या भोजनगृहात बसू दिले नाही. तळघरात नोकरांबरोबर जेवायला सांगितले. ही बातमी सिंप्सनच्या गावी गेली, तेव्हा तिथल्या लिस्टनबाई चांगले कपडे घालून आगगाडीने आल्या, दिवसभर त्याच्याबरोबर कॉलेजात हिंडल्या आणि तळघरात त्याच्याशेजारी बसून जेवल्या. दुसऱ्या दिवसापासून लोकांचे वागणे बदलले, असे त्याने लिहिले आहे. शेजारी बसून जेवणे, एवढेच. ज्यांच्या घराण्याने पंगतीबाहेर बसणे सोसले आहे, त्यांना याचे मोल सांगावे लागत नाही.

तेव्हाच्या पत्रांत त्याने मिलहॉलंड कुटुंबाला मोकळेपणाने कळवले, की इथे अजून करमत नाही, भक्तीला सिंप्सनसारखे पोषक वातावरण नाही. तरी प्रभूच्या मदतीने होईल तेवढे चांगले करीन. मग तो नुसता कुढत बसला नाही. दोघातिघांना जमवून प्रार्थनेची बैठक सुरू केली. शेतीविभागाचे प्रमुख जेम्स विल्सन त्यांत सामील झाले. हेच विल्सन पुढे १८९७ पासून १९१३ पर्यंत अमेरिकेचे शेतीमंत्री होते. १८९४ मध्ये जॉर्ज पदवीधर झाला, १८९६ मध्ये वरची पदवी मिळाली. दरम्यान १८९३ च्या शिकागोच्या जागतिक प्रदर्शनात त्याचे एक चित्रही लागले. आपले स्वामी विवेकानंद ज्या सर्वधर्म परिषदेत बोलले, ती त्याच प्रदर्शनाच्या निमित्ताने भरली होती.

१८९६ मध्येच बुकर टी. वॉशिंग्टन यांनी त्यांना अलाबामा राज्यातल्या टस्कीगी संस्थेत बोलावले. इथून पुढे ‘प्राध्यापक कार्व्हर’ म्हणून त्यांचा उल्लेख करायला हवा. टस्कीगीला आले तो प्रयोगशाळाच नव्हती. विद्यार्थ्यांना घेऊन ते उकिरड्यांवर हिंडले. फुटक्या बाटल्या, डबे, बरण्यांची झाकणे, तारा गोळा केल्या आणि त्यांतून उपकरणे केली. जमीनही तशीच. वर्षानुवर्षे कापूस घेऊन मातीचा कस गेलेला. विकतचे खत परवडत नव्हते, म्हणून रानातला पालापाचोळा आणि दलदलीतला गाळ आणून कुजवून टाकला. चवळी, रताळी, भुईमूग घेतले. द्विदल पिकांच्या मुळांवर ज्या गाठी असतात त्यांतले जिवाणू हवेतला नत्र धरून ठेवतात, हे शास्त्र त्यांनी गरीब कुळांना साध्या शब्दांत सांगितले. आपल्याकडचा जाणता शेतकरी ‘भुईमुगाचा बेवड चांगला’ म्हणतो, त्यातला हा अर्थ. १९०६ पासून संस्थेची खेचरे जोडलेली गाडी अवजारे आणि बियाणे घेऊन खेडोपाडी जाऊ लागली. पुढे १९१० च्या आसपास कापसाच्या बोंडात शिरणारा सोंडेचा भुंगेरा अलाबामात आला (आपली बोंडअळी वेगळी), तेव्हा दुसरे पीक घेण्याचा त्यांचा सल्ला लोकांना पटू लागला.

वाचकांना वाटेल, आता सगळे ठीक झाले. तसे नाही. टस्कीगीत कार्व्हर पुष्कळ वर्षे सुखी नव्हते. तिथले इतर शिक्षक त्यांचा हेवा करीत, आणि कार्व्हरही अगदी सोवळे नव्हते. मनाला लवकर लावून घेत, कारभारात ढिले होते, मान मिळाला नाही की रुसत. १९०४ साली कोंबड्यांच्या खात्याच्या हिशोबावर चौकशी बसली आणि त्यांनी अहवालात आकडे वाढवून दिले असा ठपका आला. खोटारडा ठरणे आपल्याला सहन होत नाही, असे कळवून त्यांनी राजीनामा पुढे केला. राजीनाम्याची भाषा पुढेही कितीदा झाली. वॉशिंग्टन त्यांना कधी समजावीत, कधी सडेतोड चुका दाखवीत. १९१५ मध्ये वॉशिंग्टन वारले तेव्हा मात्र कार्व्हर फार दिवस खचून गेले होते. ज्याच्याशी भांडलो त्याचाच आधार होता हे त्यांना तेव्हा जाणवले असावे.

चरित्रकार हा भाग कधीकधी गाळतात. मला तर तोच उपयोगाचा वाटतो. विश्वास ठेवला की माणूस एका रात्रीत धीट होतो, असे सांगणारे पुष्कळ भेटतात, आणि मग ज्याची भीती जात नाही तो स्वतःलाच दोष देतो, की माझा विश्वासच कमी. बायबल असे सांगत नाही. संत पौलाने आपल्या अंगात रुतलेल्या एका काट्याबद्दल करिंथच्या मंडळीला लिहिले आहे. तो काढून टाक म्हणून त्याने तीनदा विनवणी केली. काटा निघाला नाही. काटा असतानाच पुरेल एवढी कृपा मिळेल, आणि दुबळेपणातच देवाचे बळ कामाला येते, असे उत्तर त्याला मिळाले. कार्व्हरांचा बारीक आवाज शेवटपर्यंत बारीकच राहिला. हळवेपणाही गेला नाही.

मग त्यांना उपयोग कशाचा झाला? रोजच्या सवयीचा. पहाटे चारला उठून ते एकटे रानात जात. हातात एखादे फूल, मातीचे ढेकूळ, कीड लागलेले पान घेऊन देवाशी बोलत, आजचे काम काय ते विचारीत, आणि परत येऊन प्रयोगशाळेचे दार लावून कामाला लागत. प्रार्थना झाली म्हणून प्रयोग टाळला असे नाही. उलट प्रार्थनेनंतर तपासणी अधिक कसून. भाषणांत ते एक गोष्ट गमतीने सांगत. देवाला विचारले, हे विश्व कशासाठी केलेस? देव म्हणाला, तुझ्या डोक्याच्या मानाने फार मोठे मागतोस. मग माणसाबद्दल विचारले, तरी तेच उत्तर. अखेर विचारले, हा शेंगदाणा कशासाठी? देव म्हणाला, हां, हे आता तुझ्या मापाचे. हसण्यावारी सांगितलेली ही गोष्ट, पण आत मोठा आराम आहे. मी लहान आहे ही गोष्ट त्यांनी नाकारली नाही. लहानाला लहानसे काम असते आणि ते त्याचेच असते, एवढे त्यांनी मानले.

१९०६ च्या सुमारास काही विद्यार्थ्यांनी त्यांना बायबल शिकवण्याची विनंती केली. रविवारी संध्याकाळी जेवणानंतर थोडा वेळ ते हा वर्ग घेत. दगड, पाने, रोपे आणून दाखवीत, आणि जुन्या करारातल्या गोष्टी हावभाव करून सांगत. हा वर्ग तीसएक वर्षे चालला. मक्याच्या पिंपाजवळ ज्याला काय बोलावे ते कळले नव्हते, तो आता गच्च भरलेल्या खोलीत बोलत होता. यांतल्या कितीतरी मुलांशी त्यांचा पुढे वर्षानुवर्षे पत्रव्यवहार राहिला.

जानेवारी १९२१ मध्ये भुईमूग उत्पादकांच्या वतीने त्यांना वॉशिंग्टनला अमेरिकन संसदेच्या समितीपुढे बोलवले गेले. परदेशी शेंगदाण्यावर जकात बसवावी हा प्रश्न होता. दहा मिनिटे दिलेली. पेटीतून एकेक वस्तू काढताना एका सभासदाने त्यांच्या रंगावरून खवचट शेराही मारला. कार्व्हर चिडले नाहीत, गांगरलेही नाहीत. उत्पत्तीच्या पुस्तकात माणसाच्या अन्नासाठी बी देणाऱ्या वनस्पती दिल्याचे सांगितले आहे, त्याचाही त्यांनी उल्लेख केला. दहा मिनिटे संपली. समितीने वेळ वाढवून दिला, पुन्हा वाढवला, आणि अखेर अध्यक्षांनी मर्यादाच काढून टाकली. शेवटी टाळ्या झाल्या.

तरीही जवळजवळ चार वर्षांनी पुन्हा एक घाव बसलाच. नोव्हेंबर १९२४ मध्ये न्यूयॉर्कच्या एका चर्चमध्ये ते म्हणाले, की मी प्रयोगशाळेत पुस्तके नेत नाही, पुढची वाट देव दाखवतो. ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने अग्रलेख लिहून टोमणा मारला, की शास्त्रज्ञ अशी भाषा बोलत नाहीत. साठीच्या घरातल्या कार्व्हरांना ते फार लागले. त्यांनी सविस्तर उत्तर लिहिले. आपण कोणकोणत्या शास्त्रज्ञांचे ग्रंथ अभ्यासले ते सांगितले, आणि प्रेरणा व अभ्यास यांत वैर नाही असे मांडले. एका स्नेह्याला त्यांनी कळवले, की काही काळ मन खिन्न झाले खरे, पण ते माझ्यावर टीका झाली म्हणून नव्हे, ख्रिस्ताच्या धर्मावर झाली म्हणून. तरुणपणी हायलंडच्या दारातून परत फिरून माळरानावर दडून बसलेला हाच माणूस. या वेळी तो दडला नाही. उत्तर लिहिले आणि पहाटे पुन्हा रानात गेला.

त्यांच्याबद्दल पुष्कळ अतिशयोक्तीही पसरली आहे, तीही सांगून टाकतो. शेंगदाण्याचे लोणी त्यांनी शोधून काढलेले नाही. त्यांनी भुईमुगापासून केलेल्या सुमारे तीनशे वस्तूंपैकी बाजारात टिकल्या त्या फार थोड्या. आयुष्यात पेटंट घेतली ती अवघी तीन. पण कर्जात बुडालेल्या कुळाच्या बायकोला कोणतेही पैसे न घेता, भुईमूग कसा लावायचा आणि त्याचे एकशे पाच पदार्थ कसे करायचे हे छापून देणारी १९१६ सालची त्यांची पुस्तिका खरी आहे. गांधीजींशीही त्यांचा आहाराविषयी पत्रव्यवहार झाला होता.

एक गोष्ट इथेच सांगायला हवी. मनाचा कमकुवतपणा आणि मनाचा आजार या दोन्ही एक नव्हेत. घरातल्या माणसाची झोप आणि भूक आठवडेच्या आठवडे उडाली, तो बोलेनासा झाला, जिवाचे बरेवाईट करण्याची भाषा करू लागला, तर प्रार्थना करा आणि त्याला डॉक्टरकडेही घेऊन जा. ताप आला की आपण दोन्ही करतोच. सरकारची ‘टेली-मानस’ ही फोनसेवा २०२२ पासून चालू आहे. १४४१६ या क्रमांकावर पैसे न लागता मराठीतही बोलता येते. शेतात फवारणीची औषधे असतात, ती अशा वेळी कुलपात ठेवा. आणि त्या माणसाजवळ बसून जेवा.

कार्व्हरांनी लग्न केले नाही. जुनाच कोट वर्षानुवर्षे वापरीत. कोटाला रोज ताजे फूल मात्र लावीत. पगाराचे धनादेश कधीकधी तसेच पडून राहत. साठलेली सारी पुंजी, सुमारे साठ हजार डॉलर, त्यांनी टस्कीगीच्या संशोधन निधीला दिली. ५ जानेवारी १९४३ रोजी ते वारले. ज्या वॉशिंग्टनसाहेबांशी जन्मभर भांडले त्यांच्याच शेजारी त्यांना पुरले आहे. त्याच वर्षी अमेरिकन सरकारने त्यांच्या जन्मस्थळाचे, मोझेस कार्व्हरच्या त्या शेताचे, राष्ट्रीय स्मारक करण्याचा कायदा केला.